निद्रेच्या उंबरठ्यावरील जबाबदारी

मनुष्य जागा असतो आणि मग निजतो. परंतु या दोहोंमधील उंबरठा ओलांडतांना कोणी स्वतःस पाहिलें आहे काय? पापण्या जड होतात, जवळचे शब्द दूर जातात, आमच्या आज्ञेवांचून विचारांचीं चित्रें होऊं लागतात, कधीं पाय एकाएकीं दचकतो; आणि इतक्यांत आम्ही पलीकडे गेलेले असतों. अशा वेळीं जें घडतें त्याचा जाब मनुष्यास द्यावा लागेल काय?

प्रश्न जुना आहे. हिप्पोचा बिशप आगस्तीन यानें इ. स. 400 च्या सुमारास आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत विचारिलें कीं, जागेपणीं जें मी नाकारितों त्यास स्वप्नांत रुकार देणारा तो मीच काय? आमच्या मते, इच्छेनें हात सोडल्यावर जीं चित्रें मनांत येतात त्यांबद्दल कोणीं स्वतःस दोषी मानूं नये.

तथापि येवढ्यानें सर्व सुटका होत नाहीं. हान्स बर्गर या जर्मन वैद्यानें 1929 सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींची नोंद प्रसिद्ध केली. पुढील शोधांवरून कळलें कीं, डोळे मिटून स्वस्थ जागें असतां सेकंदास सुमारें 8 ते 13 लहरी दिसतात. डुलकी लागतां त्या विरतात व 4 ते 7 अशा मंद लहरी येतात. अशा मनुष्यास हालवून उठविलें तर "मी जागाच होतों" असें तो पुष्कळदां म्हणतो. तो लबाड नव्हे. त्याच्यांतील साक्षीदारच आधीं निजलेला असतो.

आतां पाहा. तासास 60 किलोमीटर वेगानें मोटार हांकणारा 3 सेकंद डुलकला, तर 50 मीटर वाट ती मोटार धन्यावांचून चालते. त्या 3 सेकंदांचा दोष त्यास कसा द्यावा? परंतु त्यापूर्वीं जांभयांवर जांभया आल्या, मागचें गांव केव्हां गेलें हें आठवेना, तेव्हां तो स्वतःचा धनी होता व थांबूं शकत होता. जबाबदारी उंबरठ्याच्या अलीकडे आहे. आणि दिवसभर उंसाच्या खेपा करविल्यावर ज्या मालकानें त्यास रात्रीं पुनः धाडिलें, त्याचाही त्या दोषांत वांटा नाहीं काय?

सबब वाचकहो, झोंप येऊं लागली असतां "मी जागा आहें" या स्वतःच्या साक्षीवर भरंवसा ठेवूं नका. गाडी बाजूस घ्या. आणि शेजारीं बसलेल्यानें भीड न धरितां तसें सांगावें.