आयत्या वेळचे गाणे

शासकीय सेवेत असताना आमच्या एका वरिष्ठांची उत्स्फूर्त वक्ते म्हणून ख्याती होती. ते उत्स्फूर्त भाषण आदल्या रात्री आम्ही लिहून देत असू आणि साहेब ते पाठ करीत. टाळ्या पडत तेव्हा आम्हांस मनातून ओशाळल्यासारखे होई. ही श्रोत्यांची फसवणूक आहे काय, हा प्रश्न त्या वेळी सुटला नाही. निवृत्तीनंतर एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन जॅझ गायिकेच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तो पुन्हा समोर आला.

जॅझमध्ये शब्द सोडून निरर्थक अक्षरांनी आयत्या वेळी सुरावट रचीत जाण्यास 'स्कॅट' म्हणतात. आपल्या कानांस तराणा आठवतो. मात्र तेथे आधार रागाचा नसून कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांच्या, ठरलेल्या मालिकेचा असतो. बहुधा चार-चार मात्रांचे ३२ खंड झाले की मालिका पुन्हा सुरू होते. गायिकेने काहीही रचावे, पण आपण त्या आवर्तनात कोठे आहोत याचे भान सुटता कामा नये.

एलाबाई १९३४ साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी कलावंतांच्या स्पर्धेत नाचण्यासाठी म्हणून गेल्या आणि ऐन वेळी गायल्या. पुढे १९४६ च्या सुमारास डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाबरोबर फिरताना ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे बोल गळ्यातून काढण्याचा ध्यास त्यांनी घेतला. म्हणजे शिकण्याचा मार्ग नकलेचाच! आजही तेथील विद्यार्थी थोरांची वादने ऐकून ती सुरासुरांनी घोटतात. ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाचकांस पलट्यांची महती आम्ही काय सांगावी?

'हाऊ हाय द मून' हे गीत त्यांनी १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्यातील कित्येक जागा पुढच्या मैफलींतही जवळजवळ तशाच येतात. मग साहेबांच्या भाषणात आणि या जागांत भेद तो कोणता? एकदा सभेत वीज गेली. मंडपात गडद अंधार, आणि साहेब 'या प्रकाशमान सोहळ्यात' हे वाक्य ठणठणीतपणे म्हणून मोकळे झाले. पाठांतर दोहोंकडे आहे. पण साहेबांचे पाठांतर समोरच्या माणसांकडे पाहातच नव्हते.

१३ फेब्रुवारी १९६० च्या बर्लिनमधील मैफलीत एलाबाई 'मॅक द नाइफ' गात होत्या. १९२८ मध्ये याच शहरात प्रथम रंगभूमीवर आलेले हे गाणे. मध्येच शब्द आठवेनात. त्यांनी ताल सोडला नाही. आपण गाण्याची वाट लावीत आहोत, हेच त्यांनी तालासुरात सांगितले, ते गाणे लोकप्रिय करणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावे गुंफली, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही केली. या गायनास पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 'हाऊ हाय द मून'ही त्याच रात्रीच्या ध्वनिमुद्रिकेवर आहे, घोटलेल्या जागांसकट.

आम्ही ती अनेकदा लावतो. साहेबांच्या हाती एखादे वेळी केवळ मुद्द्यांची चिठ्ठी देऊन पाहावयास हवी होती. ते धैर्य आम्हांस झाले नाही; बदलीचे भय होते.