उपयोग सरल्यावर

डभोईजवळच्या एका लहानशा स्टेशनाची खोली अजून उभी आहे. छप्पर निम्मं गेलंय, तिकिटाच्या खिडकीत कबुतरं राहतात. छोट्या गाडीचे रूळ होते तिथे बाभळी माजल्या आहेत. परवा लोढण पार्श्वनाथांच्या दर्शनाहून बडोद्याला परतताना मी तिथे गाडी थांबवायला लावली. लहानपणी याच फलाटावर आजी दर पाच मिनिटांनी विचारायची, "दिवस मावळायच्या आत घरी पोचू ना गं?" तिचा चौविहार असे आणि आमची गाडी कायम उशिरा. माझे डोळे भरून आले.

या भागातली रेल्वे फार जुनी. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची, अडीच फूट रुंदीची वाट सुरू झाली. गंमत म्हणजे तिच्यावरचे डबे आधी बैल ओढत. इंजिनं लवकरच आली, पण हलक्या रुळांवर त्यांचा जम बसेना. पुढे जड रूळ घातले आणि मग इंजिनं नियमित धावू लागली.

बैल सुटले, असं आपण म्हणतो. मानेवरचं ओझं उतरलं, हे खरंच. पण सुटलेले बैल गेले कुठे? त्यांचा हिशोब कुणी ठेवलेला मला तरी वाचायला मिळाला नाही. एखाद्याला कामातून मोकळं करणं आणि त्याला सोडून देणं, या दोहोंत फरक आहे. तो ओळखूनच आपल्या लोकांनी पांजरपोळ काढले. तिथे दाराशी कुणी विचारत नाही, हा आता किती ओढतो? जीव आहे, एवढं पुरतं.

मग स्टेशनचं काय? त्याला जीव नाही. खरं सांगायचं तर मी रडले ती माझ्या बालपणासाठी. पडक्या भिंतीसाठी हळहळणं सोपं असतं, ती आपल्याकडे काही मागत नाही.

मागणारी व्यक्ती घरी होती. आमच्या काकू. चाळीस वर्षं आमचं स्वयंपाकघर त्यांच्या हातावर चाललं. हात थरथरू लागले तेव्हा मीच म्हणाले, "काकू, आता तुम्ही आराम करा." त्यांची खाट मागच्या खोलीत गेली. ताट वेळेवर जातं, औषधं जातात. पण भाजी कोणती करायची, हे त्यांना विचारून वर्ष झालं असेल. त्यालाच मी सेवा म्हणत होते! बायांनो, आपल्यापैकी किती घरांत अशी मागची खोली आहे?

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत घरी पोचले. मेथीची जुडी घेऊन काकूंच्या खाटेवर बसले. म्हटलं, "निवडू लागता का?"

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "आधी दिवा लाव. मेथीत बारीक जीव असतात, नीट बघून निवडायची असते."