वहीला न सांगावयाच्या गोष्टी

माझा एक भाचा संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करतो. गेल्या पावसाळ्यात एके रात्री, काम उरकण्याच्या घाईत, ज्या कोठारात गिऱ्हाइकांची सारी माहिती साठवलेली असते त्याचा पासवर्ड त्याने आज्ञावलीच्याच एका फाइलीत लिहिला आणि ती फाइल सर्वांच्या सामायिक दफ्तरात ‘कमिट’ करून टाकली. सकाळी चूक ध्यानात येताच ती ओळ पुसून त्याने नवी नोंद केली व तो निर्धास्त झाला. दुपारी वरिष्ठांनी त्याला बोलावून सांगितले की, बाबा रे, ओळ पुसलीस खरी, पण पुसल्याचीही नोंद झाली, आणि पुसण्यापूर्वी तेथे काय होते हे दफ्तरात ज्याचा हात पोचतो त्या कोणासही उघडून पाहता येते. भाच्याने ही हकिकत आपली फजिती म्हणून सांगितली. मला मात्र तीत एक पुरातन प्रश्न दिसला. जे एकदा घडले, ते न घडलेले करता येते काय?

हे दफ्तर ज्या साधनाने चालते त्याचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याचे काम सांभाळण्यासाठी २००५ साली ते रचले. त्यातील नोंदीचे नाव कोणी ठेवीत नाही. नोंदीतील मजकूर आणि तिच्या आधीच्या नोंदीचे नाव या दोहोंवर गणित करून चाळीस चिन्हांचे ते नाव निघते, म्हणून मागील एका नोंदीतील एक अक्षर बदलले तरी तिचे आणि तिच्या पुढील यच्चयावत नोंदींचे नाव पालटते. शिवाय जो कोणी दफ्तराची नक्कल घेतो त्याच्या हाती सामान्यतः पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहास पडतो. चित्रगुप्त बिचारा एकटा आहे. येथे नक्कल घेणारा प्रत्येक जण चित्रगुप्त होऊन बसतो.

अशा वहीला निर्दय म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. कोणी, केव्हा, काय बदलले याची रुजुवात करता यावी म्हणूनच तिची योजना आहे, आणि सचोटीच्या जमाखर्चात चुकीची रक्कम खरवडून न काढता उलट नोंद करून ती दुरुस्त करतात, त्यामागेही हाच विचार आहे. विस्मरणाची सोय असलेल्या वहीवर विश्वास कोण ठेवील? तेव्हा दोष स्मृतीचा नव्हे. जे स्मृतीच्या हवाली करू नये ते तिच्या हवाली केले, हा दोष आहे.

पतंजलींनी दुःखाचा विचार करताना, जे अद्याप आलेले नाही तेच दुःख टाळावयाचे, असे मोठ्या व्यवहारी दृष्टीने सांगून ठेवले आहे. गिटमध्ये कोणत्या फाइली घेऊ नयेत याची एक यादी ठेवता येते. पण ती यादीही अनागतावरच चालते, कारण जी फाइल एकदा दफ्तरात दाखल झाली तिचे नाव मागाहून यादीत घातले तरी तिची नोंद होतच राहते. म्हणून जाणते लोक गुपित फाइलीत लिहीतच नाहीत. आज्ञावली चालू होताना ते बाहेरून तिच्या हाती देतात, आणि दफ्तरात ठेवतात तो केवळ रिकाम्या जागांचा नमुना, ज्यात काय लागेल त्याचे नाव असते, मूल्य नसते. गीतेने गुह्य गोष्टींत मौनाला विभूतीचे स्थान दिले आहे. त्या रिकाम्या जागा पाहताना मला त्याची आठवण झाली.

परंतु ज्याच्या हातून प्रमाद घडून गेला त्याने काय करावे? इतिहासच नव्याने लिहिण्याची हत्यारे उपलब्ध आहेत. मात्र त्यांनी नोंदींची नावे बदलतात, आणि ज्यांनी आधीच नकला नेल्या त्यांच्या घरी जुना इतिहास शाबूत राहतो. येथे मला याज्ञवल्क्य स्मृतीतील प्रायश्चित्ताचा विचार अधिक उपयोगी वाटतो. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते, जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता मात्र प्रायश्चित्ताने केवळ व्यवहारास योग्य होतो, असा भेद तेथे केला आहे. आणि मिताक्षरेत विज्ञानेश्वराने पापाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, एक नरकास नेणारी व दुसरी लोकव्यवहारास प्रतिबंध करणारी, ज्यामुळे पहिली टिकून असतानाही दुसरीचा निरास संभवतो. आमची ही वही स्मृतिकारांहून कठोर आहे. अजाणता केले की जाणून केले, हे ती विचारीत नाही, आणि उघड्या दफ्तरांतून किल्ल्या हुडकीत फिरणारे चोरही विचारीत नाहीत. तिच्यापाशी पहिल्या प्रकारची शुद्धी नाहीच. दुसरी मात्र आहे.

ती म्हणजे कुलूप बदलणे. भाच्याला वरिष्ठांनी तेच करावयास लावले: जुना पासवर्ड रद्द करून नवा घेतला, आणि मधल्या काळात त्या जुन्याने कोणी आत शिरले होते काय याची चौकशी केली. जुनी अक्षरे आजही त्या नोंदीत जशीच्या तशी आहेत. कोणीही वाचावीत, त्यांनी आता एकही दार उघडत नाही. योगशास्त्रात क्षीण झालेल्या क्लेशांना भाजलेल्या बीजाची उपमा देतात. कणगीत ते इतर दाण्यांसारखेच दिसते, मोजलेही जाते, पण पेरले तरी त्याला अंकुर फुटत नाही. भाच्याला ही उपमा सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मामा, भाजायला एक दुपार लागली, पण सकाळी मी नुसती माती सारखी करून आलो होतो.”