सोंगाला किती कळावे?

भारुडातला जोशी पंचांग उघडून बसतो, तेव्हा तो खरा जोशी नसून सोंग घेतलेला टाळकरी आहे हे समोरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. तो मात्र जोशीच राहतो. भविष्य सांगतो, घाबरवतो, दक्षिणा मागतो. 'मी जोशी नाही बरे का' असे त्याने आल्याआल्या सांगितले असते, तर ऐकायला कोणी थांबले नसते. आणि शेवटच्या चरणात नाममुद्रेबरोबर त्याच्या तोंडून नाथमहाराज बोलले नसते, तर ती घटकाभराची करमणूक झाली असती. सोंगाने आपले सोंगपण किती जाणावे आणि ते कधी दाखवावे, याचे माप पैठणच्या त्या सत्पुरुषाला नेमके साधले होते.

हे माप आज आठवण्याचे कारण निराळे आहे. आपली मुले-नातवंडे संगणकावर जे रोल-प्लेइंग गेम खेळतात, म्हणजे ज्यांत खेळणारा एखादी भूमिका घेऊन कल्पित मुलखात हिंडतो, त्यांच्या कर्त्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्या मुलखात दुकानदार असतात, राजे असतात, शत्रू असतात. आपण खेळातले आहोत हे त्यांना कळावे का? कळले तर किती? पोरखेळ म्हणून हे झटकू नका. समोरच्याला काही कळणार नाही, काही आठवणार नाही, अशी खात्री असली म्हणजे आपण त्याच्याशी कसे वागतो, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

या खेळांत 'सेव्ह' नावाची सोय असते. आपण जिथवर आलो ती जागा राखून ठेवायची. पुढे काही बिघडले, कोणी मेले, तर पुन्हा त्या जागेवरून सुरुवात करायची. मधले सारे जणू घडलेच नाही. संसारात अशी सोय असती तर काय काय केले असते, असा विचार एकदा तरी मनात न आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

टोबी फॉक्स या अमेरिकी कर्त्याने २०१५ साली 'अंडरटेल' नावाचा खेळ काढला. डोंगरातल्या विवरात एक मूल पडते. खाली जमिनीच्या पोटात कोंडलेली राक्षसांची वस्ती आहे. राक्षस नावाचेच म्हणा. त्यांतली टोरिएल शेळीच्या तोंडाची, पण आईच्या मनाची. मुलाचे बोट धरून घरी नेते, दालचिनीचा गोड पदार्थ भाजून ठेवते, आणि बाहेर गेलास तर जिवाला मुकशील म्हणून दार अडवते. इतर खेळांच्या सवयीने खेळणारा तिच्याशी लढतो आणि ती मरते. मग तो हळहळतो, राखलेली जागा उघडतो, या खेपेस हात उचलत नाही. ती विरघळते, पोराला पोटाशी धरते, वाट सोडते. झाले, पाप पुसले.

पुढे फ्लॉवी नावाचे एक फूल वाट पाहत असते. तू तिला मारलेस आणि मग वाईट वाटले म्हणून मागे जाऊन वाचवलेस, हे मला ठाऊक आहे, असे ते खिदळत सांगते. खेळणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. टोरिएलच्या लेखी आजची भेट पहिलीच; तिच्या मनात किल्मिष नाही. जे घडले ते ठाऊक आहे त्या फुलाला आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला.

ज्यांच्या घरी विस्मरणाचा आजार जडलेले वडीलधारे आहेत त्यांना हे अधिक उलगडून सांगायला नको. सकाळी आपण टाकून बोललो, संध्याकाळी म्हातारीला ते आठवत नाही. उलट ती आपल्याच पानात घास वाढून ठेवते. घरात तिसरे कोणी नव्हते. मग ते बोलणे झालेच नाही काय? तिला आठवत नाही म्हणून ते सगळे आपल्या एकट्याच्या अंगावर येऊन पडते, असा माझा समज आहे.

आता फुलाकडे वळू. त्याला सगळे कळते. मूल येण्याआधी काळ मागे फिरवण्याची ताकद त्याच्यापाशीच होती. आरंभी त्याने ती भल्यासाठी वापरली. सगळ्यांशी मैत्री केली, सगळ्यांची दुःखे दूर केली. पण कोण केव्हा काय बोलणार हे पाठ झाल्यावर त्याला कंटाळा आला, आणि मारले तर काय होते एवढे पाहण्यासाठी ते मारू लागले. त्याला आत्मा नाही, प्रेम वाटत नाही, असे खेळातच सांगितले आहे. दुसरा आहे सॅन्स, हाडांचा सापळा, थट्टेखोर आणि आळशी. त्याला अर्धेमुर्धे उमगले आहे. काळ थांबतो, मागे जातो, उद्या सगळे पुसले जाईल, मग धडपड कशाला, असे म्हणून त्याने हातपाय गाळले आहेत. मात्र खेळणाऱ्याने सरसकट कत्तल मांडली, की हाच आळशी शेवटच्या दालनात वाट अडवून उभा राहतो. त्याचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. अशा खेळांत 'ईएक्सपी' म्हणजे अनुभवाचे गुण, असे सगळे धरून चालतात. सॅन्स सांगतो की ते तू घेतलेल्या जिवांचे गुण आहेत. आणि 'लव्ह' म्हणून जे वाढत गेले ती प्रीती नव्हे, हिंसेची पायरी आहे.

पात्र जितके जाणते तितके खोल, असे मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. सगळे खोटे आहे एवढेच कळलेला माणूस मायाळू होतोच असे नाही. तो सॅन्ससारखा थकतो, नाही तर फुलासारखा निर्ढावतो. कोरड्या ज्ञानाला आपले संत भ्याले ते उगाच नाही. टोरिएलला काही कळत नाही, आणि त्या वस्तीत सगळ्यांत जिवंत तीच वाटते. म्हणून म्हणतो, खेळकर्त्याने जाणीव सरसकट वाटू नये. एखादा साक्षी पुरे, तोही फार बोलका नको. दुकानदाराने दुकानच चालवावे.

मोजकी जाणीव कशी असते ते पाहायचे तर फॉक्स ज्याचा चाहता, त्या जुन्या जपानी खेळाकडे जावे लागते. शिगेसातो इतोई यांचा 'मदर २', १९९४ सालचा. पुढच्या वर्षी अमेरिकेत 'अर्थबाउंड' या नावाने गेला. शेवटच्या शत्रूपुढे सगळी शस्त्रे फोल ठरतात. चौघा मुलांतली पॉला प्रार्थना करू लागते. वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत तिची हाक एकेक करून पोचते. कोणाला काम करता करता ती मुले आठवतात, कोणी मनोमन त्यांच्यासाठी मागणे मागते. मग ओळखीची माणसे संपतात. पॉला तरीही अंधारात हाक मारते, आणि ती खेळणाऱ्यापाशी येते. खेळात मध्येच त्याचे स्वतःचे नाव विचारून ठेवलेले असते, तेच आता पडद्यावर उमटते. पॉलाला खेळ ठाऊक नाही, पडदा ठाऊक नाही, खुर्चीतला माणूस तिने पाहिलेला नाही. ऐकणारे कोणी आहे, एवढाच तिचा भरवसा. सोंगाला इतके कळले तरी मला पुरेसे वाटते.

'अंडरटेल'मध्ये कोणालाही न मारता सर्वांना वाचवले, तर ती वस्ती उजेडात येते आणि जो तो आपापल्या संसाराला लागतो. त्यानंतर खेळणाऱ्याने खेळ पुन्हा उघडला की फ्लॉवी समोर येते. या खेपेस ते खिदळत नाही. सगळे सुखात आहेत, ते सुख मोडू शकेल असा आता एकच उरला आहे आणि तो तू आहेस, असे सांगून ते विनवते की त्यांना जगू दे, पुन्हा आरंभापासून सुरू करू नकोस. पुन्हा सुरू करण्याची कळ मात्र तिथेच असते. तुमच्या घरातल्या कोणी हा खेळ खेळला असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा, त्याने पुढे काय केले.