संगत आणि टोळी

प्रेषित पौलाने, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश घेऊन नगरोनगरी फिरलेल्या धर्मप्रचारकाने, करिंथ येथील नवख्या मंडळीला कुसंगतीविषयी जो इशारा दिला, तो मिनँडर या ग्रीक नाटककाराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वचनातून उचललेला आहे. आणि त्याचा रोख मद्यपी वा जुगारी लोकांवर नसून पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचे पुन्हा उठणे, नाकारणाऱ्यांच्या बोलण्यावर आहे. माणूस बाटलीपेक्षा बोलण्याने आधी बिघडतो, असे पौलाचे निदान दिसते.

तरीही ख्रिस्त स्वतः लोकनिंदेची पर्वा न करता जकातदारांच्या पंक्तीला बसला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनीही १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारताना बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना दार मोकळे ठेवले.

पण संगत निवडण्याची मुभा प्रत्येकाला नसते. आष्टी तालुक्यातील कडा परिसरासह बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या ख्रिस्ती तरुणाची संगत बहुधा उचल, म्हणजे मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, ठरवते. त्याला 'मित्र निवडून घे' असे सांगणे हा, खरे तर, पोटभरल्यांचा उपदेश होय. तोडकऱ्यांची टोळी निवडणे त्याच्या हाती नसते. मात्र दिवसभराच्या तोडीनंतर कोणाच्या गप्पांत रमायचे, कोणत्या थट्टेला हसायचे नाही, आणि दोघे-तिघे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, प्रार्थनेला बसले असता शेजारच्या अख्रिस्ती सोबत्यालाही जागा करून द्यायची की नाही, एवढे त्याला ठरवता येते.