श्वास घ्यावयाचा की येऊ द्यावयाचा?

गाणे शिकू लागलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगितले जाते आणि बहुधा तिथेच घोटाळा होतो. मूल आज्ञाधारकपणे खांदे उचलते, छाती फुगवते, मान ताठ करते. हवा भरपूर आत जाते. सूर मात्र घशात अडकून बसतो. चर्चच्या गायनवृंदात उभे राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल. पुढे एखादा जाणता शिक्षक भेटला, तर तो उलटेच सांगतो : आधी श्वास सोड, आणि मग काहीही करू नकोस. क्षणभराने श्वास आपला आपण येतो.

शरीरशास्त्राचा याला दुजोरा आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 18 वेळा श्वास घेतो आणि दर वेळी जेमतेम अर्धा लिटर हवा आतबाहेर होते. श्वासपटलाचा स्नायू खाली सरकतो, फुप्फुसांना जागा मिळते, हवा त्या जागेत शिरते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच तशी आज्ञा देतो, अगदी झोपेतही. गायकाला याहून पुष्कळ अधिक हवा लागते हे खरे. पण त्याची कारागिरी मुख्यतः ती जपून सोडण्यात असते. घेताना त्याने आड येऊ नये, एवढे पुरे.

मग जे आपोआप होते, ते शिकावे का लागते? फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांची हकीकत येथे आठवते. 1869 साली टास्मानियात जन्मलेले हे गृहस्थ नाट्यप्रवेशांचे पठण करीत. रंगमंचावर त्यांचा आवाज बसू लागला. विश्रांतीने तो सुधारे, पठणाने पुन्हा बिघडे. तेव्हा पठण करताना आपणच काहीतरी करीत असलो पाहिजे, असे त्यांनी ताडले आणि ते आरशासमोर उभे राहिले. तोंड उघडताच डोके मागे खेचले जाते, स्वरयंत्र दाबले जाते, हवा आवाज करीत ओढली जाते, असे दिसले. हे टाळण्याचा त्यांनी निश्चय केला. खरी गंमत त्यापुढची आहे. आता डोके जागेवर आहे अशी त्यांची खात्री असे आणि आरसा मात्र ते मागेच गेल्याचे दाखवी! चुकीचे तेच त्यांना स्वाभाविक वाटू लागले होते. अखेर, बोलण्याची ऊर्मी आली की लगेच न बोलता थांबावयाचे, या वाटेने त्यांची सुटका झाली. ही हकीकत त्यांनी 1932 च्या ‘द यूज ऑफ द सेल्फ’ या पुस्तकात लिहिली आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो. पण ज्याला स्वभाव म्हणतो, त्यात निव्वळ सवय किती? मुलाने गुणपत्रिका पुढे करताच त्याचे वाक्य संपण्याआधी बापाचा आवाज चढतो. तो स्वभाव असेल तर बाप निर्दोष; सवय असेल तर त्याला उत्तर द्यावे लागेल. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. मात्र ‘उद्यापासून रागावणार नाही’ असा दात आवळून केलेला संकल्प ईस्टरपर्यंतही का टिकत नाही, हे अलेक्झांडर यांच्या आरशाने आम्हांला समजावले. तो संकल्पही त्याच आवळलेल्या जबड्याने केलेला असतो. मुलाचे वाक्य संपेपर्यंत नुसते थांबणे यापेक्षा अवघड, आणि अधिक उपयोगी.

याचा अर्थ सारे सद्गुण असे अलगद येतात, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर जागणारी आई स्वाभाविक वाटण्याची वाट पाहत बसत नाही. तिला दात आवळूनच जागावे लागते. आपल्या भाषेला दोन्ही ठाऊक आहे : दम लागतो, तसा दम धरावाही लागतो, आणि घाई करणाऱ्याला आपण ‘दमाने घे’ म्हणतो. हिब्रू भाषेत तर ‘रूआह’ या एकाच शब्दात श्वास, वारा आणि आत्मा सामावले आहेत. उत्पत्तीच्या कथेतील मातीच्या माणसाने पहिला श्वास घेतलेला नाही. तो त्याच्या नाकपुड्यांत फुंकला गेला.

गायनवृंदात एक जुनी रीत आहे. सूर एका दमात न मावण्याइतका लांब असला, की सर्वांनी एकदम श्वास घ्यावयाचा नाही. ज्याचा दम संपत आला, त्याने हलकेच गप्प व्हावे, श्वास येऊ द्यावा आणि पुन्हा हलकेच सुरात मिसळावे. तोवर शेजारचे गात असतात. खाली बाकांवर बसलेल्यांना मध्ये कोण थांबले होते, हे कळतही नाही.