पथ्य

पथ्य म्हटले की मनात आधी 'नको' उभे राहते, आणि फेनिलकीटोन्युरिया घेऊन जन्मलेल्या बाळाच्या खानदेशी घरात तर ही यादी संपता संपत नाही: दूध नको, वरण-बट्टी नको, शेवभाजी नको, कळण्याची भाकरी नको, शेंगदाणा नको. प्रथिनांतले फेनिलॅलनिन मार्गी लावणारे यकृतातले विकर अशा बाळात जन्मतःच दुबळे असते, ते द्रव्य रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते, म्हणून हा निषेध खरा. परंतु साधकहो, पथ्य निषेधापाशी थांबत नाही.

जे द्रव्य बाधते, त्याच्यावाचून बाळ वाढतही नाही, कारण शरीराला ते स्वतः घडवता येत नाही. म्हणून पथ्याचा खरा प्राण मात्रेत आहे. आईचे दूधसुद्धा, फेनिलॅलनिन वगळलेल्या औषधी दुधाच्या जोडीने, ठरवून दिलेल्या प्रमाणात चालते. पुढे भात तोलून, केळे तोलून, भरीत शेंगदाण्यावाचून. एक ग्रॅम प्रथिनात सुमारे 50 मिलिग्रॅम फेनिलॅलनिन, हा हिशेब ओट्यावरच्या लहानशा काट्यावर जन्मभर मांडायचा, यासारखे दुसरे व्रत मला तरी ठाऊक नाही.

आणि या व्रतात उपास हेच अपथ्य! तापाने फणफणलेल्या लेकराने ताट सारले की शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते व रक्तातली पातळी चढते. गीतेच्या सहाव्या अध्यायाने अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाकारला आहे. पथ्याचा अर्थ तिथेच उलगडतो.

हे पथ्य सिद्ध झाले तेही एका आईच्या ध्यासातून. 1951 साली बर्मिंगहॅमला ती रोज सकाळी डॉ. होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राही, उपाय विचारी. अखेर त्या आहाराने तिची मुलगी रांगू, उभी राहू लागली. आज आपल्याकडे 2021च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक केंद्र आहे.

तिथे आहारतज्ज्ञ तक्ता देतात. पाळायचे ते घराने, कारण पथ्य एकट्या लेकराचे नसते, मायेने शेव पुढे करणाऱ्या आजीचेही असते. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी माणसांच्या नावाने मुठीमुठीने गहू मोजणाऱ्या आपल्या घरांना मोजण्याचा संकोच कशाला? रोटात गहू आणि हरभऱ्याची डाळ. तेव्हा या लेकराच्या वाट्याला नैवेद्यातल्या केळ्याचे काप तोलून द्यावेत, आणि तोच त्याचा प्रसाद, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी भाऊबंदांसमोर सांगावे.